गणपतीचा हिशेब माझ्याकडे कसा?

गेल्या अनंत चतुर्दशीला दुपारी मी सोसायटीच्या ऑफिसात आरतीच्या तबकातली चिल्लर मोजत बसलो होतो. पंखा बंद, कारण पंखा लावला की नोटा उडतात. दहाच्या नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती, पाचच्या वीस-वीसच्या. कुंकू लागलेल्या नोटा बाजूला, त्या आधी फडक्याने पुसायच्या. तुम्ही चहा घेऊन आलात, कप टेबलावर ठेवलात आणि जाता जाता थांबून विचारलंत, "काका, राग मानू नका, पण तुम्ही देव मानत नाही ना? आरतीला मागे उभे असता, हात जोडत नाही. मग गणपतीचा सगळा हिशेब तुमच्याकडे कसा?"

मी "नंतर सांगतो" म्हटलं, आणि कितवं नाणं चाललं होतं तेच विसरलो. चळत मोडून पुन्हा मोजली.

राग कसला यायचा? वीस वर्षं झाली मला खजिनदार होऊन, आणि वीस वर्षं हा प्रश्न ऐकतोय. व्याह्यांनी विचारला, भाडेकरूंनी विचारला, एका वर्षी तर गुरुजींनीच विचारला, दक्षिणेचं पाकीट खिशात घालता घालता. दर वेळी काहीतरी गमतीचं बोलून मी वेळ मारून नेतो. पण तीन-चार वर्षांपासून या प्रश्नाला एक शेपूट फुटलंय: "मग तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" पहिला प्रश्न लोक हसत विचारतात. दुसरा विचारताना आवाज खाली येतो आणि जिन्याकडे एकदा बघून घेतलं जातं. तुम्ही दुसरा विचारला नाहीत, म्हणून पहिल्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटलं. आणखीही एक कारण आहे, ते ओघात येईल.

माझा देव कधी गेला हे मला सांगता येणार नाही. भांडण झालं नाही, कोणी भाषण देऊन मला पटवलं नाही. लोकलमध्ये छत्री विसरावी तसं झालं असावं. ठाण्याला उतरलो, घरी आलो, दिवाळी झाली, होळी झाली, आणि छत्री नाही हे लक्षातच आलं नाही, कारण पाऊस नव्हता.

घरात देव आहेत, बरं का. आई २०११ मध्ये गेली आणि तिचं देवघर माझ्याकडे आलं. अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, खंडोबाचा टाक आणि एक शाळिग्राम, जो लहानपणी मी गोटी म्हणून खेळायला पळवला होता. पूजा बायको करते. मुलीच्या बाळंतपणाला ती तीन महिने नाशिकला गेली तेव्हा पूजा मी केली. रोज. गंध उगाळलं, बाळकृष्णाला ताम्हनात अंघोळ घातली, नैवेद्याला साखरेची वाटी ठेवली. मुलगी फोनवर हसून हसून थकली. मी म्हटलं, आईने सांभाळायला दिलेली माणसं आहेत, उपाशी कशी ठेवू? श्रद्धा नव्हती. पण कंटाळाही आला नाही, हे मलाच जरा नवल वाटलं.

पाऊस पडला तो एप्रिल २०२१ मध्ये. बायको नऊ दिवस रुग्णालयात होती. इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन मी सकाळपासून औषधाची दुकानं फिरत होतो. जांभळी नाक्यावरून रिकाम्या हाताने परतताना कौपीनेश्वराच्या दारासमोर आलो. १७६० साली बांधलेलं देऊळ. तळ्याकाठी राहणाऱ्या कुठल्याही ठाणेकराच्या वाटेत ते येतंच. त्या महिन्यात राज्यातली सगळी देवळं बंद होती. बंद दाराबाहेर एक माणूस चपला काढून, मास्क लावून, हात जोडून उभा होता. मी त्याच्या मागे उभा राहिलो, रांगेत राहतात तसा. दोघांचीच रांग. त्याचं झालं, तो बाजूला झाला, मी पुढे सरकलो. पुढे काय केलं ते तुम्हाला सांगत नाही. बायको घरी आली, आता ठणठणीत आहे. त्या महिन्याचा हिशेब मात्र मी अजून मांडलेला नाही.

असो. खजिनदारकी.

आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं. गणपती १९८९ पासून बसतो. २००५ साली २६ जुलैच्या पावसात तळमजल्यावर पाणी शिरलं आणि ऑफिसातली जुनी खतावणी भिजून लगदा झाली. सहा आठवड्यांवर गणपती. जुने खजिनदार म्हणाले, मी मुलाकडे बदलापूरला चाललो, दुसरा बघा. सभेत माझं नाव निघालं, कारण मी नोकरीत हेच काम करायचो. तेव्हा एक गृहस्थ उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "ते देव मानत नाहीत. उद्या पेटीत हात घालावासा वाटला तर त्यांना अडवणार कोण?" प्रश्न अगदी रास्त होता, मलाही पटला. उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दिलं. त्या सभेला यायच्या त्या बहुतेक पंख्याखाली बसायला. म्हणाल्या, "लाज आहे की त्याला. तेवढं पुरे." ठराव मंजूर.

हिशेब लिहायला मी शिकलो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. कारखाना आता नाही, तिथे काचेची इमारत उभी आहे. आमचे अकाउंटंटसाहेब बेने इस्राएल होते, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरी-दारी मराठी, देवाशी हिब्रू. टेंभी नाक्याजवळ १८७९ चं सिनेगॉग आहे, शनिवारी ते तिथे जायचे. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्या नावाची लाज नव्हती, उलट मजा वाटत होती. मी नवा असताना रोजकीर्दीत लिहिलं होतं, "एका पार्टीकडून ३०० रुपये." साहेबांनी लाल पेन्सिलने त्याभोवती गोल केला. म्हणाले, "पार्टीचं बारसं झालं असेल ना? मग नाव लिही. नावाशिवाय जमा नाही."

पुढे ते मुलांकडे इस्रायलला गेले. माझ्याकडे धर्म म्हणून जे काही आहे ते त्या लाल गोलातलं आहे.

त्यामुळे आमच्या पावतीपुस्तकात तुम्हाला कुठेही "बी विंग" किंवा "भाडेकरू" असं जमा दिसणार नाही. पूर्ण नाव. मांडवाशेजारी जो पांढरा फलक असतो, "देणगीदारांची शुभनामावली", तो मी मार्करने स्वतः लिहितो, पावतीच्या क्रमाने, रकमेच्या नव्हे. यावरून दर वर्षी कुरकुर होते. अकरा हजार देणारा माणूस एकावन्नच्या खाली आला की त्याला आपण लाइनीत उभे असल्यासारखं वाटतं. एकावन्न म्हणजे आजी. त्या पेन्शनमधून एकावन्नच द्यायच्या, पहिल्या दिवशी, पहिली पावती. त्या गेल्या. आता त्यांची मुलगी पुण्याहून एकावन्न पाठवते आणि सांगते, नाव आईचंच लिहा. मी लिहितो.

या पैशाला एक वास असतो हो, कुंकू, कापूर आणि लोकांच्या खिशातल्या घामाचा. बँक चिल्लर घेताना तोंड वाकडं करते, म्हणून मी ती जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांना देतो, ते मोजतसुद्धा नाहीत. गेल्या काही वर्षांत तबकाशेजारी क्यूआर कोडची पाटी आली. "घालीन लोटांगण" ऐन रंगात असताना बाजूचा डबा हिंदीत ओरडतो, "एक सौ एक रुपये प्राप्त हुए", आणि अर्ध्या लोकांचे मिटलेले डोळे उघडतात. डबा बंद ठेवा म्हणून मला सांगून झालंय. मी ठेवत नाही. कोणी किती दिले हे बघायला डोळे उघडतात, म्हणजे लोक जागे आहेत.

२०२० साली वर्गणी मागितलीच नाही. सरकारने त्या वर्षी सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत आणि घरची दोन फुटांच्या आत ठेवायला सांगितली होती. आम्ही एक फुटाची आणली, दीड दिवस ठेवली आणि गेटजवळ ड्रममध्ये विसर्जन केलं. आरती प्रत्येकाने आपापल्या दारातून म्हटली. चौथा मजला एक ओळ पुढे होता. न मागता एकोणीस घरांतून दाराखालून पाकिटं आली. त्यातून वॉचमन आणि सफाईवाल्या बायकांचं दोन महिन्यांचं रेशन भरलं. तेव्हा कोणी विचारलं नाही की देव न मानणाऱ्याच्या दाराखाली गणपतीचं पाकीट का सरकवायचं.

आता राजकारण. "गणपतीत राजकारण आणू नका" हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो, आणि बहुधा राजकारण आणणाऱ्याच्याच तोंडून. मला या वाक्याची गंमत वाटते. टिळकांनी १८९३ पासून गणपती चौकात आणला तो काय केवळ मोदकांसाठी? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. त्याआधी पुण्यात हिंदू मंडळी मोहरमच्या ताबुतांत हौसेने नाचायची. पुढच्या वर्षी त्यांना सांगितलं गेलं की तिकडे जाऊ नका, इकडे मेळे काढा. म्हणजे आपण ज्याला एकत्र येणं म्हणतो, त्यातच कोणापासून तरी बाजूला होणंही होतं. पुढे दादरला तर गणपतीच्या पूजेचा हक्क अस्पृश्यांना आहे की नाही यावरून मोठं रण पेटलं. त्या भांडणात प्रबोधनकार ठाकरे आघाडीवर होते, आणि त्यातूनच १९२६ मध्ये दादरचं सार्वजनिक नवरात्र सुरू झालं. तेव्हा मांडवात राजकारण नसलेलं असं कुठलंही जुनं सोन्याचं वर्ष मला सापडलेलं नाही.

आमच्याच मांडवाचं सांगतो. २०१४ साली विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. एका पुढाऱ्याने मांडवाचा सगळा खर्च दिला आणि बदल्यात कमानीवर आपला फोटो लावला. गणपतीच्या डोक्यावर बरोबर चार फूट. चेक मी स्वतः बँकेत भरला. मला काही वाटलं नाही. आता विचार करतो तेव्हा कळतं, वाटलं नाही कारण फोटो एकच होता.

२०२२ ला दोन झाले. ३० जूनला आपल्या ठाण्याचा माणूस मुख्यमंत्री झाला, आणि ३१ ऑगस्टला गणपती आले. मधल्या दोन महिन्यांत इमारतीत काय झालं ते बाहेरच्याला कळणार नाही. ठाण्यात शिवसेनेची शाखा म्हणजे पक्षाचं ऑफिस एवढंच नव्हतं. नळाला पाणी नाही, शाखा. मुलाचा शाळाप्रवेश, शाखा. नवरा मारतो, तरी बाई शाखेत. आनंद दिघ्यांच्या काळापासूनची ही सवय. ते घर फुटलं म्हटल्यावर ज्यांचा पक्षाशी कधी संबंध नव्हता अशा स्वयंपाकघरांतही तडे गेले. आमच्याकडे सख्खे मावसभाऊ एकाच मजल्यावर राहतात. त्यांनी लिफ्टच्या वेळा बदलल्या.

तर गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेटवर दोन फ्लेक्स आले. भगवा तोच, धनुष्यबाण तोच, वरच्या कोपऱ्यात बाळासाहेब आणि दिघे तेच. नाव आणि चिन्हाचा निकाल निवडणूक आयोगाने पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, त्यामुळे तेव्हा दोघांनाही सगळंच वापरायचं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, एकच बॅनर दोनदा का लावलाय? फरक फक्त जिवंत माणसांच्या फोटोंत होता. दोन्हीकडून मांडवासाठी पंचवीस-पंचवीस हजारांचं बोलणं आलं. अट एकच: दुसऱ्याचे घ्यायचे नाहीत.

कार्यकारिणीची बैठक रात्री साडेबारापर्यंत चालली. एक जण म्हणाला दोन्ही घेऊ. एक म्हणाला टॉस करू, आणि तो गमतीने बोलत नव्हता. शेवटी कोणाचेच नाही घेतले. यात तत्त्व वगैरे फारसं नव्हतं, भीती होती. महाप्रसादातलं श्रीखंड गेलं, पुरी-भाजी राहिली, आणि हिशेब दोनशे तीस रुपयांनी शिलकीत निघाला. दोन्ही बाजूंनी मला वेगवेगळं गाठून विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्या बाजूचे निघालात?" ते शेपूट तेव्हा फुटलं. नंतर २०२४ मध्ये लोकसभेलाही आणि विधानसभेलाही ठाण्यात दोन्ही सेना एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आता लोकांना त्याची सवय झालीय. मावसभावांच्या लिफ्टच्या वेळा अजून वेगळ्या आहेत, पण चप्पल विसरली तर एकमेकांची घालतात.

हे सगळं मी खुशाल सांगतो, कारण यात मी बऱ्यापैकी वागलो. पुढचं सांगायला जड जातं.

दुसऱ्या मजल्यावर २०१७ मध्ये एक भाडेकरू आले. एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम. मूळचे दापोलीकडचे, कोकणी मुसलमान. मराठी असं की आमच्या मुलांना त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावं. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला काका. पहिल्याच वर्षी स्वतः येऊन पाचशे एक देऊन गेले. म्हणाले, गावी शेजारच्या वाडीत गणपती असतो, आमच्या अब्बांची वर्गणी ठरलेली, इथे नाही दिली तर चुकल्यासारखं वाटेल. मी पावती फाडली, पूर्ण नाव लिहिलं. आडनाव करात संपणारं. साहेबांचंही करात संपायचं, माझंही संपतं.

२०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुसलमान मंडळींनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे ढकलली, सरकारने मग २९ ला सुट्टी दिली. भाई म्हणाले, "आज तुमचं, उद्या आमचं. पोलिसांना पण झोप हवी ना, काका." त्या रात्री आमच्या मिरवणुकीचा जनरेटर कॅसलमिलच्या नाक्यावर बंद पडला. इलेक्ट्रिशियन फोन उचलेना. भाईंनी गुडघ्यावर बसून तो चालू केला, हात कोपरापर्यंत काळे, आणि तसेच हात मागे बांधून रायलादेवी तलावापर्यंत चालत आले, कोणाचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

मग २०२४ उजाडलं. जानेवारीत अयोध्येच्या सोहळ्याला सोसायटीत दिवे लावले, पेढे वाटले. पेढ्यांचा हिशेबही माझ्याकडेच होता, आणि लोक खरोखर आनंदात होते, हे मी नाकारणार नाही. आदल्या रात्री आपल्याच जिल्ह्यात मीरा रोडला हाणामारी झाली होती. त्यानंतर फोनमध्ये काय काय यायला लागलं ते तुम्हालाही माहीत आहे. बाहेर काहीच घडत नव्हतं. जे घडायचं ते हातातल्या फोनमध्ये, रात्री अकरानंतर.

सप्टेंबरात गणपती बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकारिणीतला एक सदस्य माझ्याजवळ आला. माझा मित्र आहे, रोज संध्याकाळी तळ्याला आम्ही बरोबर फेऱ्या मारतो. फलकाकडे बघत हळूच म्हणाला, "ते एक नाव तेवढं काढा. बाहेरचे लोक दर्शनाला येतात. कोणी फोटो काढून कुठल्या ग्रुपवर टाकला तर उगाच तमाशा. आपल्याला काही नाही हो. त्याच्यासाठीच बोलतोय."

मी वाद घालीन असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी ऑफिसात गेलो, फडकं ओलं केलं, परत आलो आणि नाव पुसलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. पुसलेल्या जागी ओल होती, ती वाळेपर्यंत थांबलो आणि मार्करने लिहिलं: "एक हितचिंतक – ५०१." वरच्याच ओळीत आजींचं नाव होतं. गेलेल्या बाईचं नाव आम्ही ठेवलं आणि जिवंत माणसाचं पुसलं.

संध्याकाळी भाई प्रसादाला आले. नेहमी चपलांच्या रॅकजवळ उभे राहायचे, मोदक घ्यायचे, दोन मिनिटं बोलून वर जायचे. त्या दिवशी फलकासमोर थांबले. वरपासून खालपर्यंत वाचला. पाचशे एक त्या फलकावर एकच होतं. मी तबक घेऊन तिथेच उभा होतो, कुठे बघावं कळेना. त्यांनी मोदक घेतला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं, काका."

बास, एवढंच. पुढचे आठ दिवस रोज प्रसादाला आले. एकदाही विषय काढला नाही. मीही काढला नाही. पावतीवर नाव आहे, वहीत आहे, फक्त फलकावर नाही, असं मी स्वतःला रोज समजावलं. अकाउंटंट माणूस अशा वेळी फार हुशारीने बोलतो स्वतःशी.

डिसेंबरात त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला. घरमालकाला फ्लॅट विकायचा होता, असं सांगण्यात आलं. विकला, हेही खरं. तो तुम्ही घेतलात. म्हणून म्हटलं, आणखी एक कारण आहे. यात तुमचा काडीचाही दोष नाही, घर विकायला होतं, तुम्ही घेतलं. पण तुमच्या हॉलमधल्या एसीचा पाइप ज्या सफाईने भिंतीत लपवलाय ना, तो त्यांनी स्वतःसाठी बसवला होता. भाई मुंब्र्याजवळ कौशाला राहायला गेले, भावाच्या शेजारी.

गेल्या वर्षी २७ ऑगस्टला मूर्ती बसली, गुरुजी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणत होते आणि माझा फोन थरथरला. पाचशे एक रुपये, ऑनलाइन. टिपणीच्या जागी एक शब्द: हितचिंतक.

मंत्र संपेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. हात तबकात होते, त्यामुळे जोडायचा प्रश्न नव्हता. मग पावतीपुस्तक काढलं. पावती फाडली, पूर्ण नाव. फलकावरही पूर्ण नाव, करात संपणारं आडनाव जरा मोठ्या अक्षरात. दहा दिवस मी तयारीत राहिलो. कोण काय बोलेल, त्याला काय उत्तर द्यायचं, साहेबांची गोष्ट सांगायची की नाही, १८९३ काढायचं की नको. मित्र रोज त्या फलकासमोरून जायचा. त्याने वाचलं की नाही, मला कळलं नाही. कोणीच काही बोललं नाही. ज्या तमाशाच्या धाकाने मी फडकं ओलं केलं होतं, तो तमाशा आलाच नाही. आता २०२४ लाही आला नसता का, हा विचार मला झोपताना सतावतो. तुम्ही पहिल्याच दिवशी फलकाशेजारी उभं राहून मुलांसोबत फोटो काढलात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात. फोटो मोठा करून बघा. तुमच्या धाकट्याच्या डोक्यावर, डावीकडे, ते नाव आहे.

पावतीचा फोटो मी भाईंना पाठवला. उत्तरात अंगठा आला आणि खाली एक ओळ: "मोदक?"

मोदक घेऊन मी अजून गेलेलो नाही. ठाण्याहून मुंब्रा म्हणजे काय हो, धीम्या गाडीने कळवा सोडलं की पुढचं स्टेशन. कौसा तिथून रिक्षाने. दोन वेळा डबा भरला. एकदा पाऊस होता. एकदा नव्हता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हिशेब माझ्याकडे आहे कारण २००५ साली दुसरं कोणी तयार नव्हतं. बाकी जे वर लिहिलंय ते तुम्ही चहा आणलात आणि दुसरा प्रश्न विचारला नाहीत म्हणून.

एक काम मात्र करा. उन्हाळ्यात तो हॉलमधला एसी पाणी गाळायला लागेल, दर वर्षी लागतो. दुसऱ्या कोणाला बोलावू नका, मला सांगा. नंबर माझ्याकडे आहे, आणि फोन करायला मला काहीतरी काम हवंच आहे.